नागपूरला सा नाही

माह्या शहराच्या नावात सूर चार,
मालकच नाही, उघडं दार.
मालक आणून बसव गादीवर,
मंग पाय, हंस येते का दारावर.

हे चार ओळींचं कोडं कळमन्याच्या बाजारातून आलं. नागपूरच्या पूर्व अंगाला कृषी उत्पन्न बाजार समितीचं पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आहे; लोक त्याला नुसतं ‘कळमना’ म्हणतात. संत्र्याचा आंबिया बहार असो की मृग, मिरचीची पोती असोत की धान्याची, लिलाव आटोपून काटे थांबले की तिथे एक सुस्त वेळ येते. त्या वेळात काही गानवेड्या मित्रांचे फोन वाजू लागतात. एक अडतीच्या दुकानातला दिवाणजी. दुसरा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेला, भजनी मंडळात पेटी वाजवणारा; त्याला सगळे पेटीमास्तर म्हणतात. तिसरा काट्यावरचा तरुण मापारी. मी चौथा, बहुतेक वेळा नुसता वाचणारा. एकमेकांना सांगीतिक कोडी घालायची आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याची यथेच्छ टर उडवायची, हा यांचा खेळ. वरचं कोडं दिवाणजींचं. ते, त्याला आलेलं उत्तर आणि त्या उत्तरातून निघालेलं पुढचं कोडं, असा हा सगळा ऐवज एखाद्या बंदिशीसारखा उलगडून बघण्याच्या लायकीचा आहे.

आधी पहिली ओळ. शहर नागपूर, यात शंका नाही. पण ‘नावात सूर चार’ म्हणजे काय? ना-ग-पू-र ही अक्षरं एकेक करून म्हणा. नि, ग, प, रे. चारही अक्षरांचं व्यंजन सरगमेतलं आहे. एकही अक्षर बाहेरचं नाही. कर्नाटक संगीतात या युक्तीला ‘स्वराक्षर’ म्हणतात. शब्दाचं अक्षर आणि त्यावर गायचा स्वर एकच येईल अशी ती रचना. अक्षर हुबेहूब जुळलं तर शुद्ध स्वराक्षर, नुसतं व्यंजन जुळून काना-मात्रा वेगळी असेल तर सूचित स्वराक्षर. दिवाणजींनी यातलं काही वाचलं असेल असं वाटत नाही. दिवसभर वह्यांत गावांची नावं लिहिणाऱ्या माणसाच्या कानाला एका दुपारी स्वतःच्याच गावाचं नाव ऐकू आलं, एवढंच.

दुसऱ्या ओळीतला ‘मालक’ म्हणजे षड्ज. बाकीचे सूर ज्याच्या आधाराने उभे राहतात तो सा. नागपूरच्या नावात तो नाही. ही नुसती अक्षरांची मोजदाद असती तर ओळ कोरडी राहिली असती. ते चार सूर त्याच क्रमाने गाऊन पाहिले की तिचा खरा अर्थ लागतो. मंद्र निषादावरून गंधार, तिथून पंचम, मग खाली रिषभ: नि ग प रे. नाव रिषभावर येऊन थांबतं आणि कान अडकून राहतो, कारण रिषभ ही मुक्कामाची जागा नव्हे. तिथून सा अगदी एका पावलावर दिसत असतो. मालक घरात नाही, हे कोडं सांगण्याआधीच गळ्याला कळतं. दारही म्हणूनच उघडं आहे.

या ओळीचं कूळ आणखी जुनं आहे. विदर्भात, विशेषतः नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात खडी गंमत रात्र-रात्र चालायची, आजही काही गावांत चालते. शाहिरीतल्या कलगी आणि तुरा या दोन पक्षांचा झगडा याच मातीत रंगला. तुरेवाले पुरुषतत्त्वाचा, शिवाचा पक्ष घेणार. कलगीवाले प्रकृतीचा, शक्तीचा. एका फडाने डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. त्यातली भेदिक रचना म्हणजे गायलेलं कोडंच. देह हे घर, इंद्रियं ही दारं, आत्मा हा मालक, हा तिचा हातखंडा साज. दिवाणजींनी तोच साज उचलला आहे. फक्त आत्म्याच्या जागी षड्ज बसवला. ज्याने लहानपणी कंदिलाच्या उजेडात असले सवाल ऐकले आहेत, त्याला ‘मालकच नाही, उघडं दार’ हे वाचताना क्षणभर वैराग्याची झुळूक लागते. मग तिसऱ्या ओळीत ‘गादी’ येते आणि तो झटकन बाजारात परततो, कारण कळमन्यात गादी म्हणजे अडत्याची बसायची जागा. एकाच शब्दाने मठातून दुकानात आणून सोडणं ही या कोड्याची सर्वांत देखणी जागा.

चौथ्या ओळीबद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. सा, रे, ग, प, नि: मध्यम आणि धैवत वर्ज्य. राग हंसध्वनी. तो ओळखू यावा म्हणून ‘हंस’ हा शब्दच टाकून देणं जरा सढळ हाताचं झालं. दिवाणजींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अक्षरं कोमल-शुद्ध सांगत नाहीत. ‘र’ या अक्षरातून शुद्ध रिषभ निघेल की कोमल, हे कोण ठरवणार? ती उणीव हंसाने भरून काढली. कोडं घालणाऱ्याने उत्तराचा माग सोडायलाच हवा. तो किती ठळक असावा, एवढाच वादाचा मुद्दा.

पण इतका ठळक माग असूनही पेटीमास्तर पहिल्या झटक्यात फसले. त्यांचं उत्तर आलं, “भूप.”

दिवाणजींचा निरोप तयारच होता: “ध कोठून आणला बे, उधारीवर का?”

ही थट्टा वरवर बाजारू वाटते, पण तिच्यात रागाचं अचूक गणित आहे. भूप म्हणजे सा रे ग प ध, हंसध्वनी म्हणजे सा रे ग प नि. दोन्ही पाच सुरांचे, चार सूर तेच. फरक काय तो एकाच सुराचा. मास्तरांनी घरातला निषाद टाकून शेजारचा धैवत आणला होता. चूक कुठे झाली हे न सांगता चुकीवर बोट ठेवणं, तेही दुकानाच्या भाषेत, हे चांगल्या गुरूलाही सहज जमत नाही. या मित्रांची खेळीमेळी ऐकण्यासारखी आहे ती यामुळेच. इथे शिवीसुद्धा सुरात असावी लागते.

मास्तरांनी चूक कबूल केली नाही. काही वेळाने त्यांचं नवं उत्तर आलं: “२९ नंबरच्या गाळ्यातलं पाखरू.”

कळमन्यात गाळ्यांना नंबर असतात, म्हणून पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा पत्ता वाटेल. खरं तर तो दक्षिणेचा पत्ता आहे. कर्नाटक पद्धतीत ७२ मेळकर्ते आहेत आणि रागाच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत त्याचा क्रमांक दडवलेला असतो. रीत ‘कटपयादी’ची: क, ट, प, य यांपासून मोजायला सुरुवात करायची, प्रत्येक अक्षराला एक अंक, आणि आलेले अंक उलटे वाचायचे. धीरशंकराभरण घ्या. ‘ट’पासून मोजत गेलं की ‘ध’ नववा. ‘य’पासून ‘र’ दुसरा. ९ आणि २, उलटे केले की २९. हा मेळ म्हणजे आपल्याकडचा बिलावल, आणि हंसध्वनी याच मेळातून जन्मलेला मानतात. मेचकल्याणीचं असंच करा: म ५, च ६, उलटे ६५, आपला यमन तिथे राहतो. मास्तरांनी उत्तराचं उत्तर दिलं आणि त्याचंही कोडं केलं. प्रश्नाला साधं उत्तर देणं त्यांना बहुधा कमीपणाचं वाटलं असावं.

आणि हे पाखरू खरोखरच दक्षिणेकडून उडत आलेलं आहे. हंसध्वनीचं जनकत्व रामस्वामी दीक्षितर यांच्याकडे जातं. त्यांचे पुत्र मुथुस्वामी दीक्षितर यांची यातली गणपतीची कृती दक्षिणेत घरोघरी माहीत आहे. हिंदुस्थानी मैफलीत हा राग रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांना देतात. लता मंगेशकर काही काळ त्यांच्याकडे शिकल्या. पुढे सलील चौधरींनी ‘परिवार’ (१९५६) या चित्रपटात तो घेतला, लता आणि मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेतला, आणि ज्यांना रागाचं नाव ठाऊक नाही त्यांच्याही ओठांवर तो पोचला. रेल्वे स्टेशनजवळच्या टेकडीच्या गणपतीला हात जोडून दिवस सुरू करणाऱ्या शहराच्या नावात गणपतीच्या कृतीचा राग निघावा, हा योगायोग दिवाणजींनी कोड्यात घेतला नाही. घेतला असता तर कोडं जड झालं असतं. काय सोडायचं हे कळणं हीसुद्धा कारागिरीच.

मग मास्तरांनी सवाल परतवला:

हंसानं दोघायले घरात घेतलं नाही,
त्यातला एक आपल्या बाजारात हाय.
चार अक्षरं, दोघं गाते, दोघं चूप;
चूप बसणाऱ्यायले मिळून म्हंतात काय?

हंसाने नाकारलेले दोघे म्हणजे म आणि ध. ‘कळमना’ या नावात म सापडतो, शेजारी ना म्हणजे नि. हे दोघं गाणारे. उरले क आणि ळ. सरगमेत यांना जागा नाही, म्हणून ते चूप. त्यांना जोडलं की होतं ‘कळ’. यंत्र चालू करायची कळ, पोटात येणारी कळ, भांडण लावणारी कळ. आणि ‘कळलं का?’ मधलीही कळच. मास्तरांचा प्रश्न सुरांबद्दल वाटतो आणि उत्तर निघतं ते नेमकं न गाणाऱ्या अक्षरांतून. पहिल्या कोड्यात गैरहजर मालकाचं महत्त्व होतं. या कोड्यात मुक्या अक्षरांचं. सवालाचाच धागा पकडून जवाब द्यायचा पण तो एक पीळ जास्त घालून, हा कलगी-तुऱ्यातल्या झगड्याचा जुना दंडक इथे तंतोतंत पाळला गेला आहे.

रचनेच्या दृष्टीने हे पहिल्यापेक्षा उजवं कोडं आहे. ‘दोघं गाते, दोघं चूप’ या अर्ध्या ओळीची लय ढोलकीच्या बोलासारखी तुटक पडते, आणि ‘चूप’वर थांबल्यावर पुढची ओळ पुन्हा त्याच शब्दाने उठते. शाहिरांना हे धरून उठणं फार आवडतं. एकच गोष्ट खटकते: नाकारलेल्या दोघांपैकी एक सापडला, दुसऱ्या बिचाऱ्या धैवताचं काय झालं, याबद्दल कोडं काहीच बोलत नाही. मला वाटलं, मास्तर विसरले.

तेवढ्यात मापाऱ्याचा एकाच शब्दाचा निरोप आला: “साधं.”

दिवाणजी उसळले. “काहून बे, साधं वाटून राह्यलं तं उत्तर दे ना!” मापारी गप्प. मास्तरांना आधी लक्षात आलं. नागपूरने दिले नि, ग, प, रे. कळमन्याने दिला म. सप्तक पुरं व्हायला कोण राहिलं? सा आणि ध. साधं!

हे त्याने जाणूनबुजून लिहिलं की सहज लिहिलं गेलं, यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. दिवाणजींचं म्हणणं, पोराच्या तोंडून चुकून निघालं आणि म्हातारे उगाच त्यात सप्तक शोधून राह्यले. माझा कौल मापाऱ्याच्या बाजूने आहे, आणि त्याला पुरावा आहे. कोड्याला आपण ‘सोपं’ म्हणतो. गणित सोपं, पेपर सोपा, कोडं सोपं. कोड्याला ‘साधं’ म्हणणारा माणूस विरळा. इतका जवळचा शब्द हाताशी असताना जो तो सोडतो आणि शेजारचा उचलतो, त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं. कवितेचं वाचनही असंच चालतं: कवीने कोणता शब्द टाळला हे दिसल्यावर त्याने कोणता निवडला ते समजतं. दोन वडीलधाऱ्यांनी आठ ओळी खर्च करून सहाव्या-सातव्या सुराची जागा मोकळी ठेवली आणि पोराने एका शब्दात ती भरली. फडावर असा जवाब आला असता तर डफवाल्याने थाप मारून दाद दिली असती.

या तिघांच्या शेजारी आणखी एक प्रकार ठेवून पाहावा. आमच्यातल्या एकाला माहितीची कोडी आवडतात. त्याचं एक चांगलं आहे: “नागपूरची लेखणी, बडोद्यात वाढलेला सूर, वाईकडचा गळा, आता उभं राहून ऐका.” उत्तर, आपलं राज्यगीत. लिहिणारे राजा बढे नागपूरचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज पसरणीच्या शाहीर साबळे यांचा; २०२३ साली त्याला राज्यगीताचा मान मिळाला, म्हणून ‘उभं राहून’. बांधणी नेटकी आहे, शेवटच्या तीन शब्दांत चांगली गुगली आहे. पण उत्तर कळलं की ते संपतं. ज्याला ठाऊक आहे त्याला पाच सेकंदांत येतं, ज्याला नाही त्याला फोन शोधून देतो. दिवाणजींचं कोडं सुटल्यावर सुरू होतं. नि ग प रे म्हणून पाहिल्याशिवाय त्यातली गंमत हाती येत नाही, आणि एकदा म्हटल्यावर स्टेशनवरची पाटीसुद्धा पूर्वीसारखी वाचता येत नाही. माहिती तपासणारं कोडं आणि कान तपासणारं कोडं यांच्यातला हा फरक मला फार मोठा वाटतो. जे उत्तर गाता येतं तेच या खेळातलं खरं उत्तर.

मापाऱ्याबद्दलची शंका पुढे त्यानेच फेडली. रामटेककडच्या रस्त्यावरून त्याचं कोडं आलं:

मनसर सोडलं, नगरधन गाठलं,
सारे भेटले, पाचवा कुठं आटला?
दिवस बुडून राह्यला होता काकाजी,
सांगा, मले कोण भेटला?

मनसर आणि नगरधन ही दोन्ही वाकाटकांच्या इतिहासातली गावं. नगरधन म्हणजे त्यांची राजधानी नंदिवर्धन असं मानलं जातं. मापाऱ्याने इतिहास बाजूला ठेवला आणि नुसती अक्षरं घेतली. म-न-स-र: म नि सा रे. न-ग-र-ध-न: नि ग रे ध नि. दोन्ही नावांत सरगमेबाहेरचं एकही अक्षर नाही. कळमन्यासारखं ‘कळ’ नाही, नागपूरसारखी मालकाची गैरहजेरी नाही; फक्त पाचवा, पंचम, नाही. पंचम वर्ज्य असलेले, त्याच सहा सुरांचे तीन राग चटकन आठवतात: मारवा, पूरिया आणि सोहनी. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकी शुद्ध. सूर तेच, चेहरे तीन. इथे अक्षरं मुकी होतात आणि कोडं वेळेकडे बोट दाखवतं. दिवस बुडतो आहे, म्हणजे उत्तररात्रीची सोहनी गेली. उरले मारवा आणि पूरिया, दोन्ही संधिप्रकाशातले. पूरियाचा जीव गंधार-निषादात, मारव्याचा रिषभ-धैवतात. आता पुन्हा नावं पाहा. मनसर थांबतं रिषभावर. नगरधनच्या पोटात रिषभ आणि धैवत एकमेकांना लागून बसले आहेत. मारवा!

मास्तरांनी ‘पूरिया’साठी थोडी हुज्जत घातली, नगरधन निषादाने सुरू होऊन निषादावरच संपतं हा मुद्दा काढला. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. मारवा ऐकताना सा सतत हुलकावणी देतो, गायक त्याला बराच वेळ टाळतो. मनसरमध्ये सा आला तोही निषाद आणि रिषभ यांच्या मध्ये, ओझरता. माझ्या लेखी हा पुरावा निकालाचा. पण अशी हुज्जत घालता येणं हेच कोड्याच्या दर्जाचं लक्षण आहे. तिच्या निमित्ताने त्या संध्याकाळी तिघांनी दोन्ही राग पुन्हा ऐकले, आणि एकमेकांना ‘तुह्या कानात भुसा भरला बे’ असं सांगत ऐकले.

ज्याला या खेळाची गोडी लागली असेल त्याच्यासाठी दिवाणजींचं ताजं कोडं इथे देतो. त्याचं उत्तर मी सांगणार नाही. कालिदास माहीत असून भागणार नाही, नाव गळ्यातून काढावं लागेल:

यक्षानं जिथून ढगाले धाडलं,
त्या डोंगराचं जुनं नाव गाऊन पाय.
पहिला न् शेवटचा सूर एकच हाय;
मल्हार तं आहेच, पण कोणता हाय?

मास्तरांचा निरोप लगेच आला: “थांब बे, पेटी काढतो.”